जिभेवरचं वेखंड

'तिला काय कळतंय' असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की माझ्या कानशिलातली शीर अजून ठणकायला लागते. मग मी खाली बसते आणि डॉक्टरांनी सांगितला तसा सावकाश श्वास घेते, कारण माझंही ब्लडप्रेशर आता आईसारखंच चढतं. मागच्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या आजोबांना बघायला गेले होते. अर्धांग झालेलं, खाटेवर पडून असतात. त्यांची सून त्यांच्या उशाशी उभी राहून त्यांच्या लघवीचं, त्यांच्या कपड्यांचं, ते अजून किती दिवस काढतील याचं सगळं मोकळेपणानं सांगत होती. मी म्हटलं, अगं, ते ऐकतायत. तर म्हणाली, "त्यांना काय कळतंय, मावशी." म्हातारा माझ्याकडे बघत होता. ती नजर मला पाठ आहे. मी चहा न घेताच उठून आले आणि घरी येऊन हे लिहायला बसले. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, हात लिहायला वळत नाही, ऱ्हस्वदीर्घ चुकत असेल. चुकू दे. कुणाला दाखवायचं नाही. पण राग कुठंतरी काढून ठेवायला पाहिजे. डोक्यात साठवला तर डोक्याचं काय होतं ते मी लहानपणीच बघितलं आहे.

आमचा भाजीचा मळा मखमलाबादच्या रस्त्याला होता. आता तिथं दुकानं आहेत आणि गाड्या लावायची जागा. तेव्हा मेथी, कोथिंबीर, पालक आणि बांधाला थोडा झेंडू असायचा. घर मळ्यातच, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. त्या पडवीत सकाळपासून आवाज असायचा तो आईचा. ती विहिरीवरच्या इंजिनाशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, ओल्या बारदानाखाली रचलेल्या जुड्यांशीसुद्धा बोलायची. जुडी बांधायला केळीच्या सालीचं सोपट दातात धरलेलं असायचं, तरी दातांच्या फटीतून तिचं चालूच. तात्या, म्हणजे माझे वडील, कमी बोलायचे. मी त्यांच्याहून कमी. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायला माझा आवाज निघायचा नाही, शेजारी बसणारी मुलगी माझ्या वतीनं म्हणायची. बाईंनी एकदा आईला विचारलं, तुमची मंदा मुकी आहे का हो. आई हसली. म्हणाली, "नाय बाई, तिच्या वाटचं मीच बोलून टाकते, तिला शिल्लकच राहत नाय."

आईच्या हातची मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि वर लसणाचा ठेचा, याची चव माझ्या तोंडात अजून आहे. पण त्या आठवणीत मीठ फार आहे. आई भाकरीवर मीठ भुरभुरून खायची. खारातल्या मिरच्या, लिंबाचं खारं लोणचं, पापड, बाजाराच्या दिवशी सुकट. कामाच्या बाईला मीठ लागतंच, असं सगळे म्हणायचे. त्यात मिश्रीची सवय. चुलीवर तंबाखू भाजून काळी पूड करायची आणि दिवसातून कितीतरी वेळा बोटावर घेऊन दात घासायचे. घरभर त्या भाजलेल्या तंबाखूचा वास असायचा. मला तो वास आईचाच वास वाटायचा. तिचं डोकं दुखायचं. दुखलं की फडकं आवळून बांधायची, सुंठ उगाळून कपाळाला लावायची आणि पुन्हा वाफ्यात. एकदा डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणून तात्यांनी पंचवटीतल्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर फार आहे म्हणून सांगितलं. मीठ कमी कर, मिश्री सोड, ही गोळी रोज घे. आईनं गोळ्या घेतल्या, डोकं दुखायचं थांबलं, आणि थांबलं म्हणून गोळ्याही थांबल्या.

ते थांबवणं एकट्या आईचं नव्हतं. गंगूआत्या, तात्यांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असायची. ती म्हणाली, "दुखत नाय तर गोळी कशाला गिळायची? उष्ण पडती. सवय लागंल." तात्या म्हणाले, "धडधाकट दिसती, रोगी बाईसारख्या गोळ्या काय खाती?" आईलाही ते बरंच वाटलं. या दुखण्याचा मला म्हणूनच फार राग आहे. ताप आला की अंग तापतं, जखम झाली की रक्त दिसतं. हे दुखणं डोक्यातल्या बारीक नळ्या आतून झिजवत राहतं आणि माणसाला वाटतं, मी बरा आहे. माझ्या सुनेला वाटतं मी गोळीच्या बाबतीत हट्टी आहे. मी पाहुण्यांच्या घरीसुद्धा जेवणाआधी पिशवीतून गोळी काढते आणि पानातलं लोणचं बाजूला सारते. हसतात. हसू देत.

ते झालं तेव्हा मी नुकतीच चौथी पास झाले होते. सकाळची वेळ, आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती आणि माझ्या मोठ्या भावाला, अशोकला, विहिरीवर तात्यांना न्याहारी नेऊन दे म्हणून सांगत होती. बोलता बोलता थांबली. आई वाक्याच्या मधे थांबली असं कधी झालं नव्हतं, म्हणून मी वर बघितलं. तव्यावरची भाकरी करपत होती आणि ती उलटत नव्हती. उजवा हात पिठात तसाच पडलेला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. मी म्हटलं, आई, भाकरी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त. त त." मग उजव्या कुशीवर कलंडली. करपलेल्या भाकरीचा धूर खोलीभर झाला. आत्या पडवीतून आली आणि तिनं पहिलं काम काय केलं, तर तवा उतरवला.

सरकारी दवाखान्यात आई काही दिवस होती. पाय पहिल्यांदा हलला, मग हात. हात पुरता आला नाही, पण जुडी धरण्याइतका आला. बोलणं आलं नाही. घरी आणलं तेव्हा ती पाय ओढत चालायची आणि प्रत्येक गोष्टीला एकच, "त त." जूनमध्ये शाळा उघडल्या. अशोक सातवीत गेला. मला पाचवीला दुसऱ्या शाळेत घालायचं होतं, त्याचं कुणी नावच काढलं नाही. मीही काढलं नाही. आईपाशी कुणीतरी हवं होतं आणि ते कुणीतरी मुलगीच असणार, हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की त्यावर दोन वाक्यंसुद्धा खर्च झाली नाहीत. आई असती तर बोलली असती. आई होती, समोरच बसली होती. तिनं माझ्या दप्तराकडे बोट केलं आणि "त त, त त" करत राहिली. आत्या म्हणाली, "पाणी मागती बघ." मी पाणी आणलं. आईनं भांडं उडवून लावलं. "येडी झाली पुरती," आत्या म्हणाली, आणि तो शब्द त्या दिवसापासून घरात राहायला आला.

मग उपाय सुरू झाले. वारं लागलंय म्हणून कुठून कुठून कबुतरं आणली आणि त्यांचं रक्त आईच्या उजव्या अंगाला चोळलं. मी पडवीत कान झाकून बसायचे. ते संपलं तेव्हा आत्याच्या मनात आलं की हात-पाय तर आले, राहिली जीभ. बोलत नाही म्हणजे जीभ जड झाली. आमच्याकडे मूल लवकर बोललं नाही तर वेखंड उगाळून मधात कालवून जिभेला लावतात, थोडंसं, नखावर मावेल इतकं. आत्यानं आईला ते सकाळ-संध्याकाळ सुरू केलं आणि थोडंसं नव्हे. सहाणेवर वेखंडाची कांडी खसाखसा उगाळायची, मध नको म्हणायची, मधानं जोर जातो. मग आईची हनुवटी दाबून तोंड उघडायचं आणि बोटानं जीभ घासायची. आईच्या जिभेला फोड आले. ओठ आतून सोलपटले. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की डोळ्यांतून पाणी यायचं, ठेच्याचं तर नावच नको. मी दुधात भाकरी कुस्करून द्यायचे. ती वाटीही आत्याच्या डोळ्यांवर यायची, की आजारी बाईला लाडावून ठेवलंय.

जीभ चांगली होती. जिभेला काही, म्हणजे काही म्हणजे काहीच झालं नव्हतं. बिघाड डोक्यात, आणि रोज सोलत होते जीभ.

एक गोष्ट मात्र होती. पायाला ठेच लागली किंवा कोंबडी घरात शिरली की आईच्या तोंडून स्पष्ट यायचं, "मेली." अगदी पहिल्यासारखं, ठसक्यात. मला आनंद व्हायचा. मी म्हणायचे, आई, पुन्हा म्हण. ती तोंड उघडायची, ओठ जुळवायची, कपाळावर घाम यायचा, आणि निघायचं "त." आत्याला यातून वेगळंच कळलं. "शिव्या बऱ्या येतात," ती म्हणाली. "शिवी येती अन् बोल येत नाय, असं कुठं असतंय? आतूनच वाईट हाय."

आईला सगळं कळत होतं. हे मला कसं समजलं, तर मी दिवसभर तिच्यापाशी असायचे म्हणून. तात्यांच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं तिला आधी दिसायचं. पालकाला माव्याची कीड पडली की ती माझा हात धरून त्या वाफ्यापाशी न्यायची. मी हळूच विचारायचे, आई, भूक आहे? ती मान हलवायची. आई, दुखतंय? तिची मान आणि तिचे डोळे कधी खोटं बोलले नाहीत. पण मी हे कुणाला सांगितलं नाही, कारण मला सांगताच यायचं नाही. मोठ्या माणसांपुढं माझा घसा बंद व्हायचा. दोघी मुक्या, एकीच्या डोक्यात बिघाड आणि एकीला भीड.

घरातली माणसं तिच्यासमोर काहीही बोलायला लागली. एका सकाळी आत्या तात्यांना न्याहारी वाढत होती. आई शेजारीच मेथी निवडत बसलेली. आत्या म्हणाली, "घराला बाई पाहिजे, दगडू. मी किती दिवस पुरणार? येवल्याकडची एक हाय. नवऱ्यानं टाकलेली, पण कामाला वाघ. माझ्या नणंदेच्या ओळखीतली." तात्या भाकरी मोडत राहिले. नको म्हणाले नाहीत. मग म्हणाले, "अन् हिचं काय?" आत्या म्हणाली, "हिचं काय म्हणजे? पडून राहील कोपऱ्यात, खाईल दोन घास. तिला काय कळतंय."

आईचा हात मेथीच्या पानांवर थांबला होता. तो मी बघितला. तात्यांनी बघितला नाही, त्यांनी बघायचं ठरवलंच नव्हतं.

त्यानंतरच्या एका बुधवारची गोष्ट. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात आमची ठरलेली जागा होती आणि तिथं आई बसायची. ती पडल्यापासून तात्या स्वतः बसायचे, पण त्यांना हाळी देता येत नव्हती, निम्मी भाजी सुकून परत यायची. त्या बुधवारी त्यांना इंजिनाच्या कामासाठी शहरात द्वारका चौकाकडे जायचं होतं, म्हणून मला बसवायचं ठरलं. मी बैलगाडीत जुड्यांवर चढून बसले तर आई पाय ओढत आली आणि गाडीच्या दांडीला धरून उभी राहिली. तात्या म्हणाले, घरी जा. ती हलली नाही. शेवटी वैतागून त्यांनी तिला वर घेतलं. आम्हा दोघींना जागेवर सोडून ते गेले.

मी बारदान पसरलं, जुड्या रचल्या, पाणी शिंपडलं आणि गुडघ्यात मान घालून बसले. आजूबाजूच्या बायका ओरडत होत्या आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे वळत होती. शेजारची टोमॅटोवाली मला म्हणाली, "अगं पोरी, ओरड की. मेथी काय आपल्या पायानं जाणार हाय का?" मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ऊन चढायला लागलं, पानांच्या कडा मऊ पडल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि माझ्या शेजारून आवाज उठला.

"घ्या मेथी, कवळी मेथी, पहाटंचं दव प्याली मेथी, घ्या."

पूर्ण. एकही अक्षर न अडखळता, त्याच जुन्या सुरात, शेवटचं 'घ्या' लांबवून. टोमॅटोवालीच्या हातातला तराजू तसाच राहिला. आईनं स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, आई, तू बोललीस. तिनं मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "त त," ती म्हणाली. मग रडायलाच लागली. थोड्या वेळानं डोळे पुसले, जुडी हातात धरली, आणि जुडी हातात धरताच पुन्हा हाळी आली. दुपारपर्यंत आमच्या बारदानावर पाचोळा उरला होता.

मला वाटलं घरी आनंद होईल. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला काय वाटणार? तात्या घ्यायला आले तेव्हा टोमॅटोवालीनंच त्यांना सांगितलं, "दगडूभाऊ, तुमची मंडळी बोलती की हो." घरी आल्यावर तात्या आईला म्हणाले, "बोल." आईनं प्रयत्न केला. "त त." "बाजारात बोललीस ना? मग माझ्याशी बोल." तिच्या मानेच्या शिरा ताणल्या. "त." त्यांनी पायातली वहाण काढून भिंतीवर फेकली. आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "बघ. गिऱ्हाइकाशी बोलायला तोंड हाय, नवऱ्याशी बोलायला नाय. इतके दिवस सोंग केलं बाईनं. मी माझी बोटं झिजवली वेखंड उगाळून."

आजवर ती वेडी होती, त्या दिवसापासून लबाड झाली. वेडीला निदान दया तरी होती. तात्या आता तिच्याकडे बघेनासे झाले आणि येवल्याच्या लोकांना या म्हणून निरोप गेला. कोपरासुद्धा तिचा राहतो की नाही, मला भीती वाटायला लागली. आत्या आता म्हणत होती, सोंगाड्या बाईला माहेरी धाडून द्या. आईचं माहेर म्हणजे एक भाऊ, त्याचंच धड नव्हतं.

आईच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात मीच तिला बसनं न्यायचे. एवढं तरी चालू होतं, कारण गोळ्या तिथं मिळायच्या आणि न्यायला मी होते. त्या वेळी एक नवीन डॉक्टरीणबाई होत्या. पिकलेले केस, जाड चष्मा, आवाज चढाच. त्यांनी आईला तोंड उघडायला सांगितलं आणि जिभेचे फोड बघून मला विचारलं, हे काय? मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "तुला विचारतेय मी, भिंतीला नाही." मागे रांग खोळंबली होती. मला माहीत होतं, आज घसा उघडला नाही तर आईचं घर गेलं. मी वेखंडाचं सांगितलं. मग हाळीचं सांगितलं. मग, माझ्या नकळत, येवल्याचंसुद्धा सांगितलं. इतकं सलग मी आयुष्यात बोलले नव्हते. शेवटी विचारलं, "आई सोंग करते का?"

बाई चिडल्या, पण माझ्यावर नाही. "शिवी देते का?" त्यांनी विचारलं. मी लाजले. म्हटलं, "एक देते." "आणि गाणं, आरती?" म्हटलं, कधी म्हणून घेतली नाही. "तुम्ही भाजी करता ना? पाणी कसं देता?" मी म्हटलं, पाटानं, एकेका वाफ्याला. "मग ऐक. डोकं म्हणजे एक सबंध रान नाही, वाफे आहेत. हात हलवायचा वाफा वेगळा, ऐकून समजायचा वेगळा, शब्द जुळवून नवीन बोलायचा वेगळा. तुझ्या आईच्या डोक्यात रक्ताचा एक पाट डाव्या बाजूला तुंबला आणि तो जुळवायचा वाफा वाळला. समजायचा वाळलेला नाही. आणि जे वर्षानुवर्षं तोंडात बसलंय, हाळी, शिवी, आकडे, गाणी, त्याला दुसरीकडून पाणी मिळतं. ते आपोआप येतं. मुद्दाम बोलायला गेली की येत नाही. हे सोंग नाही. सोंग करणाऱ्याला असं जमणारही नाही." मग त्यांनी आईकडे वळून, आईशीच, हळू पण लहान मुलाशी बोलतो तसं नव्हे, विचारलं, "बाई, तुम्हाला मी बोलले ते समजलं?" आईनं मान हलवली. कित्येक महिन्यांत तिला कुणी मोठ्या माणसानं प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली नव्हती. "मीठ सोडा. मिश्री सोडा. गोळी मरेपर्यंत सोडायची नाही. आणि हिच्याशी बोलत राहा, पोरी, हाळीपासून सुरू कर. त्या वेखंडवालीला माझ्याकडे पाठव."

घरी येऊन मी तात्यांना सांगितलं. जमेल तसं सांगितलं, वाफे, पाट, सगळं. ते विहिरीवर इंजिनाला तेल घालत होते. म्हणाले, "दवाखान्यातल्या बायांना बोलायला काय जातंय." मी म्हटलं, तुम्ही एकदा चला. "बघू." ते काही कधी गेले नाहीत.

येवल्याची माणसं आली ती दुपारी. त्या बाईचा थोरला भाऊ, काळा, उंच, डोक्याला रुमाल, आणि त्यांची एक मावशी. आत्यानं शिरा केला होता. घरात किती दिवसांनी तुपाचा वास होता. आई नेहमीच्या जागी, भिंतीशी. पाहुणा माणूस साधा होता. चहाची बशी हातात घेऊन त्यानं विचारलं, "पहिल्या बाईचं काय म्हणणं हाय?" आत्या म्हणाली, "ती काय म्हणणार? डोक्यानं गेली बिचारी. तिला काय कळतंय."

मी शिऱ्याची ताटली जमिनीवर ठेवली. "तिला सगळं कळतं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "तिला बोलता येत नाही. कळतं सगळं." आत्या म्हणाली, "मंदे, आत जा." मी गेले नाही. मी आईकडे वळून विचारलं, "आई, ही माणसं कशाला आलीत?"

आई उठली. भिंतीला धरून, पाय ओढत, आतल्या खोलीत गेली. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या हातात एक नवी साडी होती, हिरवी, घडी न मोडलेली, आणि तिला बाजरीचे दाणे चिकटलेले. आत्यानं ती नव्या बाईसाठी कधी आणली मला माहीत नव्हतं. बाजरीच्या कोठीत पुरून ठेवली होती हेही नव्हतं. आईला माहीत होतं, कारण तिच्या डोळ्यांदेखतच ती पुरली होती, भिंतीपुढं पुरावी तशी. आईनं ती साडी नेऊन त्या मावशीच्या मांडीवर ठेवली, तात्यांकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि मग दाराकडे. कोण येणार आणि कोण बाहेर जाणार, ते तिला बोलून सांगावं लागलं नाही.

पाहुण्यानं बशी खाली ठेवली. मग तात्यांना म्हणाला, "आम्हाला येडी हाय म्हणून सांगितलं होतं. ही तर शहाणी बाई हाय." आत्या काहीतरी बोलू लागली तर त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. "आमची बहीण घरी का बसली ठाऊक हाय ना? तिच्या उरावर सवत आणली म्हणून. अन् तिला नेऊन दुसरीच्या उरावर बसवू का आम्ही?" मावशीनं साडीवरचे बाजरीचे दाणे झटकले, साडी आईच्या हातात परत दिली आणि जाताना आईच्या पाया पडली. आईहून ती मोठी होती. शिरा तसाच राहिला.

ते गेल्यावर आत्या म्हणाली, "पोरीनं घात केला." तात्या मला म्हणाले, "तुला लय बोलता यायला लागलं." एवढंच. चुकलं, असं त्यांनी तेव्हा म्हटलं नाही आणि नंतरही कधी नाही. पुढं आईचे थोडे थोडे शब्द परत आले, हाळीतून, आकड्यांतून, मी सुरात म्हणायचे आणि ती मागून, तेव्हा ते लोकांना सांगायचे की आम्ही लय उपाय केले, गुण आला. मी ऐकून घ्यायचे. त्या ऐकून घेण्याचाही आता राग येतो.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. ऊन कललं, आई पडवीत सुपात मेथी घेऊन निवडायला बसली. तात्या विहिरीकडून आले आणि तिच्यासमोर उभे राहिले. ती आजारी पडल्यापासून त्यांनी तिला साधं काही विचारलं नव्हतं. म्हणाले, "उद्याला मेथी काढायची का कोथिंबीर?" सरळ तिलाच. माझ्याकडे न बघता, आत्याकडे न बघता. आणि उभे राहिले, उत्तराची वाट बघत.

आईला उत्तर देता आलं असतं. सुपात मेथी होती, नुसतं बोट टेकवलं असतं तरी झालं असतं. तिनं मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मान खाली घातली आणि एकेक काडी निवडत राहिली. तात्या उभेच होते.